एक डोंगररांग, दोन कबरी

१/ जुन्या वास्तू पाहत खानदेशात हिंडणारा माणूस किल्ले पाहतो, बारवा पाहतो. दफनभूमीकडे मात्र त्याची पावले क्वचितच वळतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दोन अंगांना दोन कबरी आहेत. एक खाली तापीच्या मुलखात भुसावळला, दुसरी घाटमाथ्यावरच्या अजिंठा गावात. दोन्ही एकाच कहाणीच्या आहेत.

२/ आधी भुसावळ. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे येथे पोहोचली. नागपूर आणि जबलपूरकडे जाणाऱ्या मार्गांचे हे जंक्शन झाले, आणि रेल्वेबरोबर युरोपीय चालक, गार्ड, अभियंते सहकुटुंब आले. जिथे वस्ती, तिथे मरणही आलेच. म्हणून खानदेशातल्या या गावाला युरोपीय दफनभूमी लाभली.

३/ त्याच दफनभूमीत मेजर रॉबर्ट गिल विसावला आहे. तो रेल्वेचा माणूस नव्हे. मद्रास सैन्यातल्या या चित्रकार अधिकाऱ्यावर १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याची कामगिरी सोपवली. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. गावातल्या बारादरीत मुक्काम ठोकून गिलने कॅनव्हासवर तैलरंगांत भव्य प्रतिकृती रंगवल्या आणि त्या विलायतेला रवाना केल्या.

४/ त्यांचे पुढे काय झाले? लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि कित्येक वर्षांचे श्रम राख झाले. मोजक्याच प्रतिकृती वाचल्या. त्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. गिलने कॅमेराही हाती घेतला होता. त्याची लेण्यांची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ साली ग्रंथरूपाने आली. एप्रिल १८७९ मध्ये त्याचे निधन झाले.

५/ आता घाट चढून अजिंठा गावात येऊ. येथे पारोची कबर आहे. पारो ही गिलची सहचरी. तिच्या शिळेवर मृत्यूची तारीख कोरली आहे: २३ मे १८५६. गिलने आपल्या प्रिय पारोसाठी हा दगड उभारला, एवढेच तो सांगतो.

६/ पारो आपल्याला माहीत आहे ती ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या काव्यामुळे आणि त्यावर आधारित २०१२ च्या चित्रपटामुळे. कवीने तिला रूप दिले, वाणी दिली, आणि तो कवीचा अधिकारच आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र एक भेद ध्यानात ठेवावा: दगडावर तिचे नाव आहे, तारीख आहे आणि एका माणसाची माया आहे. बाकीचे पुष्कळसे कल्पनेचे व लोककथेचे देणे आहे.

७/ या दोन कबरींची तुलना करून पाहा. गिलची शिळा उद्या फुटली तरी गिल हरवणार नाही. सैन्याचे दप्तर, कंपनीचा पत्रव्यवहार, संग्रहालयातली चित्रे, छायाचित्रांचा ग्रंथ, सगळे त्याची साक्ष देईल. ज्या व्यवस्थेने त्याला पाठवले, तिने त्याची नोंद सांभाळली. पारोच्या वाट्याला असे दप्तर आले नाही. तिचा मुख्य पुरावा म्हणजे तो एक दगड. तो गेला की मागे फक्त कथा उरेल.

८/ विस्मरणात गेलेली दफनभूमी जपायची ती यासाठी. थोरांच्या नोंदी इतरत्रही सापडतात. बालपणीच दगावलेले मूल, दूरदेशी मेलेला रेल्वे कामगार, लग्नाविना सोबत राहिलेली स्त्री यांचा ठावठिकाणा पुष्कळदा शिळेवरच असतो.

९/ तुमच्या गावाजवळ अशी जागा असेल तर राखणदाराची परवानगी घेऊन आत जा. सकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्रे घ्या. झिजलेली अक्षरे तेव्हाच उठून दिसतात. अक्षरांवर खडू वा चुना फासू नका, दगड आम्लाने घासू नका. मजकूर आहे तसाच, चुकांसकट उतरवा आणि तुटलेली जागा रिकामी ठेवा. अंदाजाने भरू नका. लंडनला पाठवलेली चित्रे जळाली, पण अजिंठ्याच्या उन्हापावसात उभे असलेले ते नाव अजून वाचता येते. ते वाचता येते तोवरच उतरवून घ्यायला हवे.