इजाजत कुणाची?

गेल्या वर्षी आमची एक जुनी विद्यार्थिनी शाळेत भेटायला आली. बारावीनंतर लगेच तिचा निकाह झाला होता. एक मूल कडेवर, एक बोटाला. नवरा कुवेतला, दोन वर्षांतून एकदा दीड महिन्याच्या सुट्टीवर येतो. कोकणात अशी घरे गल्लीगल्लीत आहेत. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. तास सुरू झाला तसे इतर शिक्षक वर्गावर गेले आणि मग तिने हळूच विचारले, "आपा, तांबी बसवली तर गुनाह होतो का? सासू म्हणते, हराम आहे. आणि दवाखान्यात गेले तर म्हणतात, नवऱ्याची सही आणा."

आम्ही उर्दू शाळेत इतिहास शिकवतो. आम्ही आलिमा नाही आणि वकीलही नाही. तिला त्या दिवशी आम्ही एवढेच म्हणालो की, पुन्हा ये, बघून सांगते. पण तिच्या प्रश्नात दोन प्रश्न होते हे आमच्या लक्षात राहिले. एक, मूल लांबवणे दीनमध्ये चालते की नाही. दुसरा, चालत असेल तर इजाजत कुणाची लागते. पहिल्या प्रश्नावर आपल्या समाजात उदंड बोलले जाते. दुसऱ्यावर फारसे कुणी बोलत नाही, आणि इतिहास चाळताना आम्हाला दिसले की खरा झगडा त्या दुसऱ्याच प्रश्नाचा आहे.

पैगंबरांच्या (स.) काळात अरबस्तानात मूल टाळण्याचा एक उपाय सर्वांना ठाऊक होता. त्याला अज्ल म्हणत. वीर्य बाहेर सोडणे, इतकाच त्याचा अर्थ. हजरत जाबिर (र.) यांची रिवायत बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. कुरआन उतरत होते त्या काळातही आम्ही अज्ल करत असू, असे ते सांगतात. मुस्लिमच्या एका रिवायतीत पुढे असेही आहे की, ही गोष्ट पैगंबरांच्या (स.) कानावर गेली आणि त्यांनी मनाई केली नाही. दुसरीकडे जुदामा बिन्त वहब (र.) या महिला सहाबींची रिवायत आहे. तीत अज्लला मुलाला छुपेपणाने पुरण्यासारखे म्हटले आहे. दोन्ही रिवायती फकीहांसमोर होत्या. कोर्दोव्याचे इब्न हज्म (मृत्यू 1064) यांनी दुसरी धरली आणि अज्ल हराम ठरवले. पण चारही सुन्नी मजहबांतील बहुसंख्य फकीहांनी पहिली धरली. कुणी ते मुबाह म्हटले, कुणी मकरूह. सरसकट हराम म्हणणारे थोडेच निघाले.

इमाम गजाली (1058 ते 1111) यांनी 'इह्या उलूमुद्दीन'मधल्या निकाहाच्या प्रकरणात हा विषय ज्या मोकळेपणाने मांडला आहे, तो आजच्या आपल्या बैठकांमध्ये सापडत नाही. अज्ल म्हणजे मुलाची हत्या नव्हे, हे सांगायला त्यांनी कराराचा दाखला दिला. इजाब आणि कबूल दोन्ही झाल्याशिवाय करार होत नाही. इजाब झाल्यावर, पण कबूल होण्याआधी कुणी माघार घेतली तर त्याने करार मोडला असे होत नाही. मग ते माणसाच्या नियतीकडे वळतात. बाळंतपणात बायकोच्या जिवाला धोका होईल, तिची तब्येत आणि रूप टिकावे, मुले फार झाली तर पोटासाठी वाईट मार्गाला लागावे लागेल, ही कारणे त्यांनी चालवून घेतली. मुली होतील या भीतीने अज्ल करणे मात्र त्यांनी वाईट ठरवले. नऊशे वर्षांपूर्वीची ही ओळ आज सोनोग्राफीच्या खोलीबाहेर लावण्यासारखी आहे, असे आम्हाला वाटते. गर्भ राहिल्यानंतर मात्र गजाली कडक होतात. गर्भ जसा वाढेल तसा तो पाडण्याचा गुनाह वाढत जातो, असे त्यांचे मत.

आता इजाजतीकडे येऊ. हनफी, मालिकी आणि हंबली फकीहांचा सर्वसाधारण सूर असा की, आझाद स्त्रीशी अज्ल करायचे तर तिची रजामंदी हवी. संततीवर तिचाही हक्क आहे आणि सुखावरही, हे त्यामागचे कारण. शेकडो वर्षांपूर्वी कायद्याच्या पुस्तकात बायकोच्या सुखाचा हक्क लिहिला गेला, ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. पण त्याच पुस्तकात बांदी असेल तर तिला विचारण्याची गरज नाही असेही लिहिले आहे. अर्धे सांगून अर्धे झाकणे बरोबर नाही. शाफई मजहबातल्या अनेक फकीहांना तर बायकोची रजामंदीही आवश्यक वाटली नाही. आमचे कोकण शाफई. म्हणजे घाट चढून वर गेले की बायकोला विचारावे लागते आणि घाट उतरला की नाही, असे गमतीने म्हणता येईल.

आणि बायकोनेच स्वतः उपाय केला तर? आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न नेमका हाच होता आणि तो जुना निघाला. इजिप्तचे हनफी फकीह इब्न नुजैम (मृत्यू 1563) यांनी लिहिले की, नवऱ्याच्या इजाजतीशिवाय बायकोने गर्भाशयाचे तोंड बंद करणे हराम असायला हवे, कारण तिच्या इजाजतीशिवाय अज्ल चालत नाही. वजन दोन्ही पारड्यांत सारखे. दमिश्कचे इब्न आबिदीन (1784 ते 1836) यांनी याच्या उलट मतही नोंदवून ठेवले, की बायका असे करतात आणि ते चालते. म्हणजे त्या काळीही बायका कुणाला न विचारता आपापले उपाय करतच होत्या. इब्न सीनाच्या 'कानून'मध्ये गर्भ न राहण्याच्या औषधांची यादी आहे. ती यादी कुणासाठी होती?

गर्भपाताच्या बाबतीत फकीह 120 दिवसांच्या हदीसकडे पाहत. त्या मुदतीनंतर गर्भात रूह फुंकली जाते, म्हणून पुढे मनाई. मालिकींनी आधीही मनाई केली. अनेक हनफींनी मात्र सबळ कारण असेल तर त्याआधी मुभा दिली. इब्न आबिदीन यांनी दिलेले कारण आम्हाला विसरता येत नाही. अंगावर पिणारे मूल आहे, नव्या गर्भामुळे आईचे दूध आटले, आणि दाई ठेवण्याइतका पैसा बापाकडे नाही. गरिबाच्या घरात डोकावल्याशिवाय असे उदाहरण सुचत नाही.

विसाव्या शतकात हा विषय फकीहांच्या हातून निसटून सरकारांकडे गेला. मुंबईत र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये संततिनियमनाचे केंद्र काढले आणि 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. 1938 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, तो फेटाळला गेला. त्याच दशकात मौलाना मौदूदी जब्ते विलादतच्या विरोधात लिहीत होते. मौलानांचा जन्म 1903 चा, आपल्याच मराठवाड्यातल्या, म्हणजे तेव्हाच्या निजाम राज्यातल्या औरंगाबादचा. त्यांचा रोख अज्लवर कमी आणि पश्चिमेकडून येणाऱ्या चळवळीवर जास्त होता. पण इजिप्तचे मुफ्ती अब्दुल मजीद सलीम यांनी 1937 मध्येच गर्भनिरोधाला मुभा देणारा फतवा दिला होता. आमच्या सासवांपर्यंत मौलाना पोचले, मुफ्तीसाहेब पोचले नाहीत.

मग आणीबाणी आली, आणि तिने जे केले त्याचे पडसाद अजून घराघरांत आहेत. भारताने 1952 मध्येच कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू केला होता. लाल त्रिकोण सगळ्यांच्या ओळखीचा होता. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक पुरुषांच्या होत्या. आकडा पुरा करण्याचे काम ज्यांच्या गळ्यात मारले त्यांत शिक्षकही होते. केसेस आणल्या नाहीत तर पगार अडत असे. आमच्याच पेशाची ही गोष्ट, म्हणून ती वाचताना मान खाली जाते. एप्रिल 1976 मध्ये दिल्लीचे तुर्कमान गेट, ऑक्टोबरात मुजफ्फरनगरचा गोळीबार, नोव्हेंबरात हरयाणातल्या मेवाती मुसलमानांच्या उटावड गावाला पोलिसांचा वेढा आणि पुरुषांना उचलून नेणे, ही नावे मुस्लिम मनात रुतून बसली. पण सक्ती फक्त मुसलमानांवर झाली असे समजणे चूक ठरेल. आपल्या बार्शीत जानेवारी 1976 मध्ये रस्त्यांवरून माणसे धरून नेली, ती सगळ्या जातींची होती आणि गरीब होती. शस्त्रक्रियेशी संबंधित 1774 मृत्यूंची नोंद शहा आयोगाने केली. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक 1976 मध्ये मंजूरही केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते कायदा झाले नाही.

त्यानंतर पुरुषांनी नसबंदीचे नाव टाकले आणि ओझे बायकांवर आले. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री नसबंदीचे प्रमाण सुमारे 38 टक्के आणि पुरुषांचे 0.3 टक्के निघाले. आमच्या फुफीचे ऑपरेशन पाचव्या मुलानंतर झाले. कागदावर अंगठा फुफाजींचा होता. तिला विचारले होते का, असे आम्ही एकदा तिला विचारले, तर ती हसली आणि भाकरी थापत राहिली.

डिसेंबर 1988 मध्ये इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिक्ह अकादमीची बैठक भरली. तिने ठरवले की, नवरा-बायकोने आपसात मशवरा करून आणि दोघांच्या रजामंदीने मुलांमधले अंतर वाढवणे किंवा तात्पुरते थांबवणे जायज आहे. सक्त गरज नसताना कायमची नसबंदी जायज नाही. आणि जोडप्याचे संततीबाबतचे स्वातंत्र्य बांधणारा सर्वसाधारण कायदा करणेही जायज नाही. आणीबाणी पाहिलेल्या माणसाला या शेवटच्या कलमाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

भारतात मात्र वेगळे घडले. हरयाणात दोनपेक्षा जास्त मुले असलेल्यांना पंचायतीचे पद मिळत नसे. त्याविरुद्धचा खटला जावेद विरुद्ध हरयाणा राज्य या नावाने ओळखला जातो. मुस्लिम कायदा चार निकाहांची मुभा देतो, हा युक्तिवादही त्यात झाला. जुलै 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. मुभा असणे म्हणजे धर्माचा हुकूम असणे नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे. आम्हाला हा तर्क बरोबर वाटतो, आणि निकाल मात्र चुकीचा वाटतो. चार निकाहांची ढाल पुढे करून आपण आपलीच बाजू पातळ केली. खरा प्रश्न तिसऱ्या खेपेला गरोदर असलेल्या सरपंच बाईचा होता, जिला बहुधा कुणी विचारलेही नसेल. हरयाणाने तो नियम 2006 मध्ये काढून टाकला. महाराष्ट्रात 2005 पासून सरकारी नोकरीसाठी लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र आले. आम्हीही ते भरले आहे. तेव्हा आमचा निकाहसुद्धा झाला नव्हता.

आपल्या समाजाबद्दल जे बोलले जाते त्याविषयी दोनच आकडे. 1992-93 मध्ये एका मुस्लिम स्त्रीला सरासरी 4.4 मुले होत, 2019-21 मध्ये 2.36. यासाठी कुणाला ट्रकमध्ये घालावे लागले नाही. मुली शाळेत टिकल्या, याचा त्यात वाटा आहे, आणि त्या आमच्यासमोरच्या बाकांवर बसत होत्या.

सहीबद्दल कायदा स्पष्ट आहे. 1971 च्या गर्भपात कायद्यात सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही. 2021 च्या दुरुस्तीने काही कारणांसाठी मुदत 20 वरून 24 आठवड्यांवर नेली. नसबंदीच्या सरकारी नियमांतही जोडीदाराची संमती आवश्यक नाही, तांबीची तर बातच सोडा. 2009 मध्ये सुचिता श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, मूल व्हावे की नाही हे ठरवणे स्त्रीच्या व्यक्तिगत स्वातंत्र्याचा भाग आहे, असे म्हटले. तरी दवाखान्याच्या खिडकीवर सही मागितली जाते. तिथे बसणाऱ्याने इब्न नुजैम वाचलेला नसतो आणि 1971 चा कायदाही.

महिन्याभराने ती पुन्हा आली. जाबिर (र.), गजाली, इब्न आबिदीन ही नावे आम्ही तिला उर्दूत एका कागदावर लिहून दिली, आणि खाली कायद्याचे दोन मुद्दे मराठीत. जुदामा (र.) यांची रिवायतही लिहिली, कारण सासू ती काढणारच. अकादमीच्या ठरावावर ती थांबली. "आपा, ही बैठक कुठे झाली?" आम्ही सांगितले, कुवेतला. ती एकदम हसली. म्हणाली, "मग हे ह्यांना आज रात्रीच व्हॉट्सअॅपवर पाठवते."