गरोदरपणात लेप्टोस्पायरोसिस: आई आणि बाळाला काय धोका?

लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंमुळे होणारा आजार आहे. उंदीर, गुरे, कुत्रे यांच्या लघवीतून हे जिवाणू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात मिसळतात व जखमेतून किंवा डोळे, नाक, तोंडावाटे शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत याची साथ पसरली होती. कोकणात भातलावणीच्या दिवसांतही रुग्ण आढळतात.

लक्षणे: साधारण ५ ते १४ दिवसांनी थंडी-ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे. आजार बळावल्यास कावीळ, लघवी कमी होणे, धाप लागणे.

निदान का चुकते? कावीळ आणि प्लेटलेट कमी होणे ही लक्षणे डेंग्यूत किंवा गरोदरपणातील यकृताच्या विकारांतही दिसतात. त्यामुळे लेप्टोची शंका उशिरा येते.

बाळावर परिणाम: जिवाणू वारेतून बाळापर्यंत पोहोचू शकतात. गर्भपात, बाळ पोटातच दगावणे, अकाली प्रसूती किंवा नवजात बाळाला संसर्ग होऊ शकतो. मात्र वेळेवर उपचार मिळाल्यास निरोगी बाळ जन्मू शकते.

उपचार: पेनिसिलिन गटातील औषधे किंवा सेफ्ट्रिॲक्सोन दिले जाते. पुरानंतर वाटली जाणारी डॉक्सिसायक्लिनची गोळी गरोदर स्त्रियांना सहसा देत नाहीत. डॉक्टर ॲझिथ्रोमायसिनसारखा पर्याय निवडतात.

लक्षात ठेवा: साचलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल तर पाय साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. नंतर ताप आला तर पाण्यातून चालल्याचे आवर्जून सांगा. तपासणीची दिशा त्यावरूनच ठरते.