इब्राहीमची भावकी

आमच्या अण्णांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल १३३० लिहिलेलं होतं. हे फसली साल. इंग्रजी हिशेबानं १९२० किंवा २१. चौसाळा तेव्हा मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. साऱ्याचा हिशेब फसलीत आणि शाळा उर्दूत. त्यामुळं हरिपाठ तोंडपाठ असलेले हे माझे माळकरी आजोबा वाणसामानाची यादी मात्र उजवीकडून डावीकडं लिहायचे. आज्जी ती यादी उलटीसुलटी करून बघायची आणि म्हणायची, "ह्यात मीठ लिहिलंय का मारुतीस्तोत्र, काय कळावं माणसानं?"

त्या शाळेनं अण्णांना एक भलताच ठेवा दिला. ध्रुव-प्रल्हादाच्या शेजारी हजरत इब्राहीम, यूसुफ, मूसा आणि ईसा ही मंडळीही त्यांच्या गोष्टींत येऊन बसली. उन्हाळ्यात माळवदावर वाकळा पसरल्या की आम्ही लेकरं म्हणायचो, ध्रुवाची नको, मूसाची सांगा. कारण त्यात दर्या दुभंगायचा आणि फिरौनचं सगळं सैन्य बुडायचं. ध्रुव नुसताच बसून राहायचा.

अण्णांची आवडती गोष्ट मात्र इब्राहीमची. बाप मूर्ती करून विकणारा. एक दिवस पोरानं दुकानातल्या सगळ्या मूर्ती फोडल्या आणि कुऱ्हाड थोरल्या मूर्तीच्या खांद्यावर ठेवून दिली. बाप आला, विचारलं हे कुणी केलं. पोरगं म्हणालं, त्या थोरल्याला विचारा की! इथं अण्णा मनापासून हसायचे. समोर देवघरात पितळेचा विठोबा होता, पण त्याची त्यांना काही अडचण वाटत नसे. पुढं शहरात शिकायला गेल्यावर कळलं, की ही गोष्ट बायबलाच्या जुन्या करारात नाहीच. मूर्ती विकणारा बाप ज्यूंच्या जुन्या टीकाग्रंथांत आहे, मूर्ती फोडणारा मुलगा कुराणातही आहे. आज्जीची शंका वेगळीच असायची: "सगळा माल फोडल्यावर बापानं खाल्लं काय?"

आज्जीला इब्राहीमचं फारसं कौतुक नव्हतं. दोन बायका केलेला माणूस तिच्या मनातून आधीच उतरलेला. थोरली सारा, तिला मूल नव्हतं. तिनंच आपली दासी हाजरा नवऱ्याला दिली, हाजरेला इस्माईल झाला. मग म्हातारपणी सारेच्याही पोटी इसहाक आला आणि घरात जे व्हायचं ते झालं. हाजरेला लेकरासह वाळवंटात सोडून दिलं. मुसलमानांच्या सांगण्यात हे वाळवंट मक्केचं. पाण्यासाठी ती बाई सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा धावली, आणि लेकराच्या टाचेशी झरा फुटला, तो जमजम. हजला गेलेले लोक आजही तेच सात फेरे घालतात. जुन्या करारातही हाजरेला वाळवंटात देव विहीर दाखवतो, फक्त ते रान बैरशेब्याचं आहे.

ही गोष्ट सुरू झाली की आज्जी हातातलं काम बाजूला ठेवायची. १९७२ च्या दुष्काळात तिनं तळाला गेलेल्या विहिरीतून वाटीवाटीनं पाणी भरलं होतं. घागर बुडत नव्हती, म्हणून आत उतरलेल्या पोरानं वाटीनं बादली भरायची, वरच्यांनी ओढायची, आणि तोवर बायांनी उन्हात रांगेत बसून राहायचं. गल्लीतल्या मुल्लासाबच्या घरचं कुणी हजहून आलं, की बाटलीच्या टोपणाएवढं जमजमचं पाणी आमच्याकडं यायचं. आज्जी ते आधी डोळ्यांना लावायची, मग प्यायची, आणि उरलेला थेंब तुळशीत. बीडच्या बाईला पाण्यासाठी धावणारी बाई परकी वाटेल कशी?

तर इब्राहीमच्या ह्या दोन लेकरांपासून वाटणी झाली. इसहाकाचा मुलगा याकोब, त्याचंच दुसरं नाव इस्राएल, त्याचा वंश तो ज्यूंचा. त्याच वंशातल्या दाविदाच्या कुळात येशू जन्मला, असं ख्रिस्ती सांगतात. इस्माईलच्या शाखेत अरब आणि पैगंबर महंमद. अण्णा म्हणायचे, "ही सगळी भावकी हाय बाबा. मूळ पुरुष एक, सातबारा एक, आणि बांधावरून डोकी फुटायलीत." भावकीतल्यासारखीच गत बघा: देव एकच, त्याला जोड नाही, त्यानं माणसाशी बोलण्यासाठी माणसंच निवडली, शेवटी हिशेबाचा दिवस येणार, इथवर तिघांचं जुळतं. मग कागद निघतात. इब्राहीम कुठला मुलगा कुर्बान करायला निघाला होता? जुना करार म्हणतो इसहाक. कुराणात त्या ठिकाणी नावच नाही, पण बहुतेक मुसलमान मानतात इस्माईल. मुल्लासाब आणि अण्णा ओट्यावर बसून ह्यावर तासन्‌तास बोलायचे. वाद नसायचा, कारण अण्णांना दोन्हीही पोरं सारखीच.

येशूची खबर आमच्या घरात आज्जीच्या माहेराकडून आली. तिचं माहेर जामखेडच्या अंगाला, म्हणजे इंग्रजी हद्दीत. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये नगरला ठाण मांडलं, तेव्हापासून ती हवा त्या बाजूला खेळत होती. ख्रिस्ती कीर्तनाची चालही तिकडची जुनी. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी येशूला अभंगात आणि ओवीत आणून बसवलं. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुढं लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. (ओवीतला येशू तसा त्याहून जुना. गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ चं.) आज्जीनं लहानपणी असंच एक कीर्तन लांबून ऐकलेलं. लांबून, कारण ते महारवाड्यात होतं आणि तिला जवळ जायची परवानगी नव्हती. बुवांनी गोष्ट सांगितली ती विहिरीवरची. येशू तहानलेला, आणि विहिरीवर आलेली बाई शोमरोनी, जिच्या हातचं ज्यू लोक पाणी पीत नसत. तो तिच्याकडंच पाणी मागतो. आज्जी सांगायची, "म्होरं बसलेल्या बाया रडायल्या." त्यांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. त्या का रडल्या, हे आज्जीला पुष्कळ उशिरा उमगलं, असं तीच म्हणायची.

एरवी आज्जीचा येशू म्हणजे दुखणी बरी करणारा सत्पुरुष. डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं, साध्या अडाणी बायांना आरोग्यसेविका केलं, आणि आज्जीचं मत आणखीच पक्कं झालं. पण मुल्लासाबला तिनं एकदा विचारलं, की तुमच्यातही ईसा आहे, तर मग तुमचं आणि ख्रिस्त्यांचं बिनसलं कुठं? मुल्लासाबनी तिला जे सांगितलं ते मला अजून पाठ्यपुस्तकाहून सरस वाटतं. म्हणाले, वहिनी, बीबी मरियमच्या नावाचा अख्खा सूरा आहे आमच्यात. ती कुंवारी होती, हे आम्हालाही कबूल. ईसा अल्लाचा पैगंबर, मसीहा, मेलेल्याला उठवणारा, तेही कबूल. पण अल्लाला बेटा नाही. आणि ईसाला सुळावर मरू दिलं नाही, वर उचलून घेतलं. ते म्हणतात तो सुळावर आमच्या पापांसाठी मेला, तिथंच तर त्यांचा सगळा दीन उभा आहे. "और यहूदी?" असं स्वतःच विचारून मुल्लासाब म्हणाले, "वो तो अभी राह देख रहे." मसीहा अजून यायचाच आहे त्यांचा.

आज्जीनं ह्यावर बराच विचार केला असावा. नंतर कधीतरी भाकरी थापता थापता म्हणाली, "वाट बघनाऱ्याचं बरं अस्तंय. भांडायला वेळ मिळत नाही."

पंचांगाचा मुद्दा तिचा स्वतःचा, कुणी न शिकवलेला. मोहरम तिनं पेरणीत पाहिला, काढणीत पाहिला, कडक उन्हाळ्यातही पाहिला. आमच्या भागात मोहरमात हिंदू घरातली पोरंही नवसाची फकिरी घेत, गळ्यात रंगीत दोरा घालत, अलाव्याभोवती नाचत. ६८० साली करबल्यात पैगंबरांचा नातू हुसेन तहानेनं व्याकूळ होऊन शहीद झाला, म्हणून रस्त्यावर सरबताचे रांजण असत. तर हा सण दरसाल दहा-अकरा दिवस मागं का सरकतो? आज्जीचं उत्तर: "त्यांच्यात धोंड्याचा महिना न्हाई." अगदी बरोबर. महिने चंद्राचे, वर्ष ३५४ दिवसांचं, आणि अधिक महिना घालायला कुराणाची मनाई. म्हणून तर निजामाला शेतसाऱ्यासाठी सूर्याचं फसली साल वेगळं ठेवावं लागलं. पीक काही चंद्र बघून येत नाही. ज्यूंनी मात्र धोंडा ठेवला. १९ वर्षांत सात वेळा ते अदार महिना दोनदा मोजतात, आणि त्यांचा वल्हांडण वसंत सोडून हलत नाही. ख्रिस्त्यांनी सूर्याचं वर्ष घेतलं, तरी ईस्टरचा रविवार ठरवताना चैत्राच्या सुमाराची पौर्णिमा त्यांना अजून बघावीच लागते. हे मी आज्जीला सांगितलं तेव्हा तिला एकच जाणून घ्यायचं होतं, की ज्यू लोक धोंड्यात जावयाला वाण देतात का.

१९४८ चं मात्र घरात सगळे वेगवेगळं सांगत. आधी रझाकारांची भीती. पोथ्या, दागिने, धान्य सगळं बळदात गेलेलं. मग १३ सप्टेंबरला भारताच्या फौजा निघाल्या, १७ ला निजाम शरण आला, आणि भीतीनं घर बदललं. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मुसलमानांचे फार हाल झाले. सरकारनं नेमलेल्या सुंदरलाल समितीनं सर्वांत होरपळलेल्या चार जिल्ह्यांत त्याचं नाव घातलं. तेव्हा मुल्लासाबच्या घरच्या बाया-लेकरं आमच्या आतल्या खोलीत होती. आज्जी म्हणायची दोन रात्री, आबा म्हणायचे चांगला आठवडा. अण्णा विषय काढला की उठून गोठ्यात जायचे. एवढं खरं, की त्या खोलीला आमच्याकडं पुढंही 'मुल्लासाबची खोली' म्हणत.

हे आबा म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. पन्नासच्या दशकात ते मुंबईला गोदीत कामाला गेले आणि मशीद बंदरच्या बाजूला राहिले. भावकीतली तिसरी शाखा आम्हाला त्यांनी दाखवली. चाळीत शेजारी बेने इस्राएली कुटुंब, आडनावाला कोकणातल्या गावाचं 'कर', घरात अस्सल मराठी, बाई नऊवारीत. आबांना आधी ते मराठेच वाटले. शनिवारी चूल पेटलेली दिसेना तेव्हा त्यांनी विचारलं. मग समजलं, की ह्यांचे पूर्वज फार पूर्वी अलिबागेजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागले. सात बायका, सात पुरुष वाचले, अशी त्यांची परंपरा. धर्मग्रंथ समुद्रात गेले. उरलं काय, तर आठव्या दिवशीची सुंता, शनिवारची सुटी, खाण्यातला सोवळेपणा आणि 'शमा' ही एक प्रार्थना. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायला लागले. सणांची नावंही मराठी करून टाकलेली: नव्याचा सण, खिरीचा सण, आणि दिवसभर दारं लावून उपास करायचा तो दारफळणीचा.

आबांची लाडकी गोष्ट मात्र दिवेकरांची. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल, कंपनीच्या फौजेतले. टिपूच्या कैदेत सापडले. जात विचारली तर म्हणाले, बेने इस्राएल. टिपूच्या आईनं म्हणे मुलाला सांगितलं, हे नाव कुराणात आहे, ह्यांना मारू नकोस. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. लोक त्याला मशीदच म्हणत आणि स्टेशनाचं नाव त्यावरून पडलं, असं आबा ठासून सांगत. कैदेची गोष्ट परंपरेतली आहे, पण सिनेगॉग आजही उभं आहे.

ते शेजारी पुढं इस्राएलला गेले. तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या लोकांना विचारलं, तुम्ही खरे ज्यू कशावरून? आंदोलनं झाली, १९६४ मध्ये सरकारनं पूर्ण ज्यू म्हणून मान्य केलं. आबा संतापून सांगायचे, "दोन हजार वर्षं शनिवारी घाना बंद ठिवला, आन् दाखला मागायलेत!"

जाण्याआधी त्या घरी मलिदा होता. नवस फेडायचा असला की हे लोक एलियाहू हन्नबीचं नाव घेऊन मलिदा करतात. हा एलिया अग्नीच्या रथातून स्वर्गात गेलेला पैगंबर. ख्रिस्त्यांच्या शुभवर्तमानात तो डोंगरावर येशूशी बोलताना दिसतो, कुराणात तोच इलियास. अलिबागेजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवतात. आबा सुटीवर आले आणि मलिद्याचं वर्णन करायला लागले: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं.

आज्जी चटकन थांबवून म्हणाली, "थांबा भावजी. पोह्याचा?"

"पोह्याचाच."

आमच्याकडं मोहरमात मलिदा म्हणजे गरम पोळी हातानं चुरायची, त्यात गूळ आणि तूप, आणि हात भाजेस्तोवर मळायचं. मुल्लासाबच्या घरी तसाच, आमच्या घरी तसाच. एक देव, तीन पुस्तकं, सुळावर मेला की नाही, इसहाक की इस्माईल, ह्या सगळ्यात आज्जीनं कधी कुणाला खोटं ठरवलं नव्हतं. पण त्या दिवशी ती हटून बसली. शेवटी आबांनी गावच्या बाजारातून पोहे आणून, सुकं खोबरं घालून, स्वतःच्या हातानं मलिदा केला. आज्जीनं चवीला घेतला, मुल्लासाबच्या घरी वाटीभर पाठवला, आणि तिकडून निरोप आला की गोड पोहे छान झालेत.