बिनविम्याची मोटार

साताऱ्याहून मोटारीने सांगलीस निघालेल्या माणसाला आज वाटेत कोणी अडवीत नाही. कऱ्हाड मागे पडते, पेठ नाक्याला गाडी डावीकडे वळते, आष्टा येते, आणि दुतर्फा ऊस पाहता पाहता सांगली गाठली जाते. 1948 पूर्वी मात्र हाच प्रवास दोन राज्यांतला होता. सातारा 1848 मध्ये खालसा होऊन इंग्रजांकडे गेले; सांगलीवर पटवर्धनांचे राज्य राहिले. इंग्रजी मुलखातला कायदा संस्थानच्या शिवेवर थांबे. हा राजकारणाचा इतिहास आम्ही मास्तर लोक मुलांकडून पाठ करून घेतो. पण एखादा माणूस मोटारीखाली सापडला, तर त्याच्या घरच्यांनी कोणाच्या दारी जायचे, याचाही एक इतिहास आहे, आणि तो शाळेत कोणी शिकवीत नाही.

माणूस मेला की त्याच्या इजेचा दावाही त्याच्याबरोबर सरणावर गेला, असा इंग्रजांचा जुना न्याय होता. आगगाड्या धावू लागल्या तसा तो पुरेना. विलायतेत 1846 साली आणि हिंदुस्थानात 1855 साली कायदे झाले, आणि मृताची पत्नी, पती, आईबाप व मुले यांना भरपाई मागता येऊ लागली. या यादीत भाऊ नव्हता! ज्या देशात थोरला भाऊ धाकट्याला बापाच्या जागी असतो, त्या देशाला हा विलायती कुटुंबाचा अंगरखा घातला गेला. आपल्याकडे भाऊ आणि भावांची मुलेही मृताच्या आधाराने जगत असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एस.टी. महामंडळाच्या एका खटल्यात स्पष्ट सांगितले, ते 1987 साली.

दावा मांडणेही सोपे नव्हते. जितकी भरपाई मागायची तितक्या प्रमाणात आधी कोर्ट फीचा स्टँप भरायचा. ज्या घरातला कमावता गेला त्या घरातून हा पैसा यायचा, आणि तोही वर्षाच्या आत. कर्ज काढून, दागिना मोडून दावा जिंकलाच, तर हाती काय येई? हुकूमनामा. मग त्याच्या बजावणीची दरखास्त, मग बेलिफ, मग जप्ती. दिवाणी कायद्याने शेतकऱ्याचे राहते घर, औते आणि बैल जप्त करता येत नाहीत. ही तरतूद सावकाराच्या तडाख्यातून कुळाला वाचविण्यासाठी उपयोगाची खरी. परंतु समोर उभी राहिलेली विधवा सावकार नव्हती. शिवाय दाव्याची नोटीस येताच जमीन भावाच्या किंवा बायकोच्या नावे करणारे शहाणे त्या काळीही होते.

यावर तोड एकच होती. मालक कितीही फाटका असो, त्याच्यामागे पैसे देणारा कोणी उभा पाहिजे. विलायतेने 1930 साली तिऱ्हाईताच्या इजेचा विमा सक्तीचा केला. आपला मोटार कायदा 1939 चा. पण त्यातले विम्याचे प्रकरण अमलात आले ते महायुद्ध संपल्यावर, 1 जुलै 1946 रोजी. तोही कायदा इंग्रजी मुलखाचा, संस्थानला तो आपोआप लागू होत नसे. त्यामुळे साताऱ्यात जो कागद नसणे गुन्हा, त्याची सक्ती शिवेपलीकडे गृहीत धरता येत नसे. संस्थाने 1948 मध्ये विलीन झाली, पुढच्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा निघाला आणि 1960 साली त्याचे नाव सांगली झाले.

त्याच 1946 साली विलायतेतल्या विमा कंपन्यांनी एकत्र येऊन एक मंडळ काढले. गाडीचा विमा नसेल, तर जखमीचा पैसा या मंडळाने द्यायचा. आपण कायदा घेतला, त्याचे हे शेपूट मात्र घ्यायचे राहून गेले.

सुधारणा झाल्या नाहीत असे नाही. 1956 च्या दुरुस्तीने अपघातांसाठी वेगळी न्यायाधिकरणे आली आणि जबर कोर्ट फीचे संकट गेले. 1994 पासून अर्जदार जेथे राहतो तेथेही अर्ज करता येतो. खंबाटकी घाटात नवरा गमावलेल्या सांगलीच्या बाईला साताऱ्याच्या कोर्टात खेटे घालावे लागत नाहीत. अर्ज मात्र सहा महिन्यांत करायला हवा, ही मुदत 2022 पासून पुन्हा लागू आहे.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. या रस्त्यांवरची आपली सर्वांत ओळखीची लाल गाडीच बिनविम्याची असते! एस.टी.ची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून नगरला गेली. वाहतूक महामंडळाने भरपाईसाठी स्वतःचा निधी ठेवला तर सरकार त्याला विम्याची सूट देऊ शकते, अशी सोय कायद्यात आहे. म्हणजे एस.टी.खाली सापडलेल्याचा पैसा महामंडळ स्वतः देते. विमा नसणे एवढाच दोष नव्हे; विमाही नाही आणि निधीही नाही, हे दुखणे आहे.

1982 च्या दुरुस्तीने तर विलक्षण प्रकार केला. ठोकर देऊन पळालेल्या, न सापडलेल्या गाडीच्या बळीसाठी सरकारने ठराविक रक्कम ठेवली: मृत्यूस 5 हजार रुपये, जबर दुखापतीस 1 हजार. 2022 पासून हे आकडे 2 लाख आणि 50 हजार आहेत. पण गाडी सापडली, मालक सापडला आणि विमा मात्र नाही, तर हा पैसा नाही! मग पुन्हा मालकाच्याच मागे लागायचे. चोर पळाला तर सरकार धावते, आणि धरला गेला तर फिर्यादीने त्याच्या खिशात हात घालायचा. हा न्याय मला तरी कधी कळलेला नाही.

1988 च्या कायद्याने एक हत्यार दिले. न्यायाधिकरणाने दाखला दिला की कलेक्टरमार्फत शेतसाऱ्याच्या बाकीसारखी वसुली होते. सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना आणखी एक नियम करायला सांगितले. बिनविम्याच्या गाडीने अपघात केला तर मालकाने पुरेसा तारण दिल्याशिवाय ती सोडायची नाही. न दिल्यास लिलाव करून पैसा न्यायाधिकरणात भरायचा. म्हणून अशा वेळी घरच्यांनी गाडी ठाण्यातून सुटण्यापूर्वीच तिचा विमा आहे की नाही हे विचारलेले बरे. एकदा सुटलेली गाडी पुन्हा हाती लागणे कठीण.

मे 2025 पासून जखमीवर सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत, रोख न घेता उपचार करण्याची केंद्राची योजना आहे, आणि गाडी बिनविम्याची असली तरी ती लागू होते. विलायतेतले ते शेपूट एवढे तरी इकडे आले.

राहतो तो लिलाव. उसाच्या हंगामात विम्याची मुदत टळलेला एखादा ट्रॅक्टर रात्री बिनदिव्याच्या ट्रॉल्या ओढीत जातो आणि मागून येणारा मोटारसायकलवाला त्यावर आदळतो. ट्रॅक्टर ठाण्याच्या आवारात उभा राहतो. पावसाळा येतो, टायर बसतात, किंमत निम्म्यावर येते. त्यात मालक गावचाच, भावकीतला. त्याच्या ट्रॅक्टरवर बोली लावायला कोण पुढे येते, हे ज्याने खेडे पाहिले आहे त्याला सांगायला नको.