खाद्यपदार्थांचीं उसनीं नांवें

शिरूर व दौंड हे पुणें जिल्ह्यांतील शेजारशेजारचे दोन तालुके. इंग्रजी अमदानींत या दोन्ही नांवांची रोमन अक्षरांत जी वाट लागली ती जुन्या कागदपत्रांत पाहावयास मिळते. शिरूरचें झालें ‘सिरूर’, आणि दौंडचें ‘धोंड’. 1 जानेवारी 1818 रोजीं कोरेगांवास लढलेली इंग्रजांची पलटण ज्या छावणींतून निघाली ती इंग्रजी लेखांत सिरूरची छावणी आहे. आणि 1878 सालीं मनमाडकडे जो लोहमार्ग सुरू झाला तो धोंड-मनमाड या नांवानें. धोंड म्हणजे मोठा दगड. भीमाकांठच्या माणसानें तो पाटीवर खुशाल राहूं दिला आणि तिकीट मात्र दौंडचेंच मागितलें. डोळ्यांनीं वाचलेला शब्द एक आणि कानांनीं ऐकलेला दुसरा, असा हा भेद आहे. पानांत वाढल्या जाणाऱ्या परकी पदार्थांच्या नांवांनाही तोच लागू पडतो.

हा विचार मनांत येण्यास एक घरगुती प्रसंग कारण झाला. शिरूरकडून आलेले आमचे एक वडीलधारे आप्त सरबताच्या बाटलीला ‘शिरप’ म्हणाले, आणि घरांतलीं मुलें तोंड फिरवून हंसलीं. आम्हीही हंसलों, हें कबूल केलें पाहिजे. त्याच दिवशीं सायंकाळीं तींच मुलें पुण्याच्या एका उपाहारगृहांत आम्हांस जपानी पदार्थांचे ‘शुद्ध’ उच्चार शिकवूं लागलीं: टोफू, टेम्पुरा वगैरे. आतां गंमत अशी कीं, जपानी भाषेंत ट हा वर्णच नाहीं. त्यांचा त आपल्या त सारखाच दांतांशीं उच्चारला जातो. इंग्रजाजवळ आपल्यासारखा त नाहीं म्हणून तो आपल्याला ट सारखा ऐकूं येतो, आणि रोमन अक्षर दिसलें कीं आपण इंग्रजाच्या जिभेनें तें वाचतों. एखाद्या जपानी आचाऱ्याच्या तोंडून हा शब्द आपल्या कानीं पडता तर शाळा न पाहिलेल्या माणसानेंही तो ‘तोफू’ असाच उचलला असता. त्यांतील अखेरचा उकार जपानींत ऱ्हस्व आहे व आपण तो दीर्घ लिहितों. पण ती आपल्या घरची रीत आहे, तीबद्दल कोणीं तक्रार करूं नये.

तीच गोष्ट ‘त्सु’ची. इंग्रज त्सुनामींतला त टाकून मोकळा होतो. मराठी माणसाला ‘चूक’ म्हणतां येतें, त्याला त्सु कां जड जावा?

पण मुख्य मुद्दा शिरपाचा. इ किंवा ए पुढें आला असतां स चा श करणें ही मराठीची फार जुनी संवय आहे. संस्कृत ‘सीव्’पासून आपलें शिवणें, ‘सिध्य’पासून शिजणें, सिंदुरापासून शेंदूर. हिंदींत यांच्याच जागीं सीना, सीझना, सिंदूर आहेत. फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक यांनीं मराठीच्या घडणीवरील 1920 सालच्या आपल्या ग्रंथांत या संवयीची चर्चा केलेली आहे. सीता, सिंह असे जे शब्द पोथींतून आले ते तिच्या तडाख्यांतून सुटले. म्हणजे खेड्यांतला माणूस सिमेंटाला शिमिट व सिनेमाला शिनेमा म्हणतो तेव्हां तो अडाणीपणा करीत नाहीं. ज्या नियमानें आपण रोज भात शिजवितों तोच तो पाळीत असतो. आणि जपानी माणूस? त्याच्या वर्णमालेंतली ओळच मुळीं सा, शि, सु, से, सो अशी आहे. सि तेथें नाहींच. तो सिनेमाला शिनेमा म्हणतो आणि सिरपाला ‘शिरोप्पु’. आमचे आप्त तोकियोंत गेले असते तर त्यांना कोणी हंसलें नसतें. ‘सुशी’ हा शब्द मराठी जिभेवर इतका सहज बसतो याचें कारणही हेंच.

जपानी नांवांतलें सर्वांत जुनें नांव तर आपल्या शेतांतच उभें आहे, आणि तें जपानी आहे अशी शंकाही कोणाला येत नाहीं. जपानांत ‘शोयु’ नांवाचा एक खारा रस सोयाबीन आंबवून करतात. 1641 पासून डच व्यापारी नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर कोंडल्यासारखे राहून व्यापार करीत. त्यांनीं हा रस बाहेर नेला, आणि त्या रसावरून शेंगेला नांव पडलें. शोयुचें सोया झालें. श तेवढा वाटेंत हरवला. पुढें इंग्रजीनें शेपूट जोडलें आणि विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्यानें ‘सोयाबीन’ हा अखंड मराठी शब्द करून टाकला. हिंदींत सोया म्हणजे शेपू, हा आणखी एक घोटाळा.

याच्या उलट दिशेचा शब्द पाव. सेंट फ्रान्सिस झेविअर 1549 सालीं गोव्याहून निघून कागोशिमास उतरले. त्या काळीं गोवें, मलाक्का, मकाव व पुढें नागासाकी अशी पोर्तुगीज गलबतांची वाट पडली. त्यांच्या भाकरीचें नांव ‘पांव’सारखें, पण सगळें नाकांतून. तें कागदावरून आलें नाहीं, तोंडून आलें. आपण त्यांतला व ठेवला व नाक सोडलें. जपान्यांनीं नाक ठेवलें व व सोडला, म्हणून त्यांच्याकडे पावाला ‘पान’ म्हणतात. कानानें घेतलेला शब्दही जसाच्या तसा राहतो असें नव्हे. पोर्तुगीज बताताचा आपण बटाटा केला, आणि तंबाखूंतला त मात्र राहूं दिला! तेम्पुरा हा शब्दही मूळचा पोर्तुगीजच मानतात. पोर्तुगीजांना जपानांतून 1639 सालीं हांकलून दिलें, तरी त्यांच्या ‘कास्तेला’ची गोड वडी नागासाकींत अजून विकली जाते. जपानींत ल नाहीं, म्हणून तेथें ती ‘कासुतेरा’ आहे.