दारावरच्या पट्ट्याची कुळकथा

परळी तालुक्यातल्या सिरसाळ्यात आता विटांचं घर बांधायला काढलं की इंजिनिअर बजावतो: दारं-खिडक्यांच्या माथ्यावर सळई घालून काँक्रीटचा सलग पट्टा ओता. गवंडी त्याला ‘बेल्ट’ म्हणतो, घरमालक उगाचचा खर्च म्हणतो. हा पट्टा किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर आला असं इकडे सर्रास सांगतात. गावोगावी तो पोचला तेव्हाच, हे खरं. पण त्याचं कूळ शोधायला बलुचिस्तानात, तेही रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये जावं लागतं.

ऑगस्ट १९३१ मध्ये बोलान खिंडीतल्या माच गावाला भूकंपाने हादरवलं. त्यानंतर धक्का सोसतील अशी घरं बांधायचं काम रेल्वेतल्या एस. एल. कुमार या तरुण इंजिनिअरकडे आलं. त्यांनी जुन्या रुळांचा सांगाडा केला आणि त्यात विटा भरल्या. धक्क्याचा आडवा जोर घराच्या वजनाच्या एक दशांश धरून त्यांनी हिशेब मांडला. ३१ मे १९३५ च्या पहाटे क्वेट्टा शहर जमीनदोस्त झालं. हजारो माणसं गेली; कुमारांची तिथली रेल्वे क्वार्टर्स उभी राहिली. पुढे क्वेट्टा पुन्हा उभारताना भिंतीत लोखंड घालणं रूढ झालं. पोकळीत उभ्या सळया सोडून विटा रचायची एक पद्धत तर ‘क्वेट्टा बाँड’ याच नावाने जगभर ओळखली जाते.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला: काश्मीरच्या ‘ताक’ घरांत आणि हिमाचलच्या ‘काठकुणी’त आडवी लाकडं शेकडो वर्षं घालतात, मग क्वेट्ट्याला मान कशाला? काम एकच, हे मान्य. पण चेहरा जुळला म्हणून वारस ठरत नाही. डोंगरातल्या सुतारांना अनुभव होता. कुमारांनी आकडा दिला, आणि सरकारी संहितेला आकडाच लागतो. रुडकीला १९६० मध्ये भूकंप अभियांत्रिकीचं शिक्षण सुरू झालं. १९६७ मध्ये भूकंपरोधक बांधकामाची भारतीय मानक संहिता, आय.एस. ४३२६, आली. मधला धागा क्वेट्ट्यात कमावलेल्या अनुभवाचाच असणार, असं माझं ठाम मत. त्याच वर्षी डिसेंबरात कोयना हादरली.

तरी मराठवाडा निर्धास्त होता. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. सिरसाळ्याच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटर. जवळपास आठ हजार माणसं दगावली. तोवर हा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

इथे दुसरा वाद उभा राहतो, तो मला अधिक जवळचा. लोक म्हणतात, आमच्या माळवदाला खांब-तुळयांचा सांगाडा होताच की! होता, आणि पुष्कळ ठिकाणी तो उभाही राहिला. पडल्या त्या भिंती. डबर आणि चिखलाचे दोन पापुद्रे, मध्ये चिपा आणि माती, दोन्ही बाजूंना जोडणारा आरपार दगड नाही. धक्का बसताच पापुद्रे सुटले. भिंती अडीच-तीन फूट जाड का? उन्हासाठी, असं एक उत्तर. चोरांच्या भीतीने, हे दुसरं. मला दोन्ही अपुरी वाटतात.  माझा तर्क असा की ऐपत आली तसा गावाने गढीचा थाट उचलला. त्यात छतावर पांढरी माती. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी तिचा नवा थर चढायचा आणि डोक्यावरचं ओझं पिढ्यानपिढ्या वाढत जायचं.

किल्लारीनंतरच्या पुनर्वसनाच्या काळात आडवा पट्टा गावोगावी शिकवला गेला. पण ‘बेल्ट’ नुसता दारावर ओतून कोपऱ्यात तोडला, तर तो लिंटलच राहतो. सिरसाळ्यात किंवा आणखी कुठेही घर बांधत असाल, तर काँक्रीट पडण्याआधी चारही कोपरे पाहा: एका भिंतीची सळई वळून दुसऱ्या भिंतीत गेलेली दिसली पाहिजे. नसेल, तर त्या दिवशी काँक्रीट ओतू देऊ नका.