दत्तक गेलेल्या पूर्वजाचे जनक घर

आपल्या मंडळात नवा माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुम्ही मूळचे कुठले?" मी सातारा जिल्हा सांगतो, तालुका आणि गाव सांगतो आणि मोकळा होतो. पण गेली पाच-सहा वर्षे हे उत्तर देताना मनात थोडा अडखळतो. आमचे पणजोबा त्या गावात जन्मलेच नव्हते. ते पाटलाच्या घरी दत्तक आले होते. कुठून आले, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर, माझा संबंध रूळ आणि पुलांशी. इतिहास शाळेत सुटला तो सुटलाच. तरी या एका गोष्टीने पुन्हा कागद चाळायला लावले. चिटणीसांनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा म्हटले, तेच लिहावे.

याची सुरुवात तंजावरला झाली. मैसूरहून बेंगळुरूमार्गे जाणारी रात्रीची गाडी धरली की सकाळी तंजावर. तिथल्या बृहदीश्वर देवळाच्या प्राकारभिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, मराठीत आणि देवनागरीत. आपण बेंगळुरूकरांनी तो एकदा तरी पाहावा. १६३८ साली हे शहर विजापूरकरांनी घेतले आणि जहागीर म्हणून शहाजीराजांकडे आले. त्यांचे पुत्र व्यंकोजी इथूनच पुढे तंजावरचे राजे झाले.

हा लेख कोरवून घेणारे दुसरे सरफोजी महाराज स्वतः दत्तक होते. तुळजाजी महाराजांना वारस उरला नव्हता. १७८७ साली मृत्यूपूर्वी त्यांनी भोसले कुळातल्याच दुसऱ्या शाखेतला, दहाएक वर्षांचा हा मुलगा दत्तक घेतला. तुळजाजी गेल्यावर वाद उभा राहिला. मुलगा जनक पित्याचा एकुलता एक आहे, वय जास्त आहे, दत्तक घेताना महाराजांचे चित्त ठिकाणावर नव्हते, असे आक्षेप निघाले. मद्रासच्या इंग्रज सरकारने पंडितांना विचारले, त्यांनी दत्तक अशास्त्र ठरवले आणि गादी अमरसिंहांना मिळाली. पुढे काशी-बंगालच्या पंडितांनी उलट मत दिले आणि १७९८ साली सरफोजी गादीवर आले. त्यानंतर पाचच वर्षांत ती भिंत कोरली गेली. ज्याचे कुळातले स्थान अकरा वर्षे वादात होते, त्याला कुळाचा इतिहास दगडात हवासा वाटला, यात मला तरी नवल वाटत नाही.

त्या भिंतीपुढे उभा असताना बरोबरच्या सहकाऱ्याने सहज विचारले, "तुमच्या घराची वंशावळ आहे का हो?" आहे, पण पणजोबांपाशी ती सांधे बदलून दुसऱ्या लाईनवर जाते, हे मी सांगितले नाही.

दत्तकाच्या जनक घराचा शोध म्हटले की बडोद्याचे उदाहरण डोळ्यांपुढे येते. तिथे शोध उलट दिशेने होता. खंडेराव महाराज १८७० साली वारले. त्यांच्या पत्नी जमनाबाई तेव्हा गरोदर होत्या, कन्या झाली, आणि गादी दीर मल्हाररावांकडे राहिली. १८७५ साली इंग्रजांनी मल्हाररावांना पदच्युत केले आणि जमनाबाईंना दत्तक घेण्याची परवानगी दिली. मग गायकवाड रक्ताचा मुलगा शोधणे आले. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या कवळाणे गावी या घराण्याची एक जुनी शाखा शेती करून राहत होती. तिचा मूळ घराण्याशी संबंध खरा की सांगीव, याची सरकारी पातळीवर तपासणी झाली. काशीराव आणि उमाबाई यांचे तीन मुलगे बडोद्याला नेले. त्यांतला गोपाळ २७ मे १८७५ रोजी दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. इथे जनक आई-बापांची नावे पक्की राहिली. आनंदराव आणि संपतराव हे भाऊ बडोद्यातच वाढले. झाशीच्या दामोदररावांचेही तसेच. ते मूळचे वासुदेवराव नेवाळकरांचे आनंदराव, हे शाळेतल्या मुलालाही सांगता येते.

राजघराण्यात नावे राहतात, कारण त्यांच्यावर भांडणे होतात. साध्या घरात नाव पुसायची सोय शास्त्रानेच करून ठेवली होती. मनुस्मृतीप्रमाणे दत्तक मुलाने जनक पित्याचे गोत्र आणि धन घ्यायचे नाही, आणि पिंड गोत्राच्या मागे जातो. म्हणजे श्राद्धात जनक बापाचे नाव उच्चारायचे कारणच उरत नाही. दोन पिढ्यांत ते विसरले जाते. एक गोष्ट मात्र विसरून चालत नसे. जनक कुळातले रक्ताचे नाते कायम राहते, त्यामुळे तिथे लग्नसंबंध वर्ज्य. १९५६ च्या दत्तक कायद्यातही ही अट आहे.

आमचा धागा याच अटीने लागला. आमची मोठी आत्या नव्वदीला आलेली. तिला एकदा विचारले, "आत्या, आपल्यात सोयरीक कुणाशी करत नव्हते गं?" ती पटकन एका आडनावावर आणि खटाव तालुक्यातल्या एका गावावर आली. "का ते नको विचारू, आजी म्हणायची तिकडं नाही म्हणजे नाही." ते आडनाव इथे छापत नाही. ती मंडळी आहेत आणि त्यांना विचारलेले नाही.

दुसरा पुरावा माळ्यावरच्या ट्रंकेत होता. पाटीलकीचे वतन असल्यामुळे वारसाचे कागद जपलेले. १८७४ च्या वतन कायद्याने वारसांची नोंद होऊ लागली होती, तिचाही फायदा झाला. मोडीतले दत्तकपत्र शके १८०१ चे, म्हणजे १८७९-८० चे. मला मोडी येत नाही. साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी दोन संध्याकाळी बसून वाचून दिले. मूल सहा वर्षांचे. देणारी आई. बापाचे नाव "कैलासवासी" म्हणून. खाली तिची सही नाही, "निशाणी बांगडीची" असे लिहून एक वाटोळी खूण. पुरुषाची निशाणी नांगर, बाईची बांगडी, असा रिवाज होता. तिच्या हातात तेव्हा बांगडी नव्हती, पण कागदावर होती. मोडी वाचणारे गुरुजी तिथे जरा थांबले, मीही थांबलो.

साल बघा. १८७६ ते १८७८ हा दख्खनचा मोठा दुष्काळ, सातारा जिल्हा त्यात होरपळलेला. नवरा गेलेला, पदरात मुले. त्यातले एक ज्या घरात खायला आहे तिथे दिले. कागदात "वंशवृद्धीकरिता" असे लिहिले आहे. कागदात तसेच लिहितात.

तरी नावे जुळणे म्हणजे पुरावा नव्हे, खटावात त्या आडनावाची घरे पुष्कळ. मुंबईचा भाचा म्हणाला, "मामा, डीएनए करून टाका." सरळ पुरुष वंशाचे दोन्हीकडचे पुरुष असतील तर वाय गुणसूत्र जुळते, हे खरे. पण अनोळखी घरी जाऊन पहिल्याच भेटीत थुंकी कशी मागायची? तो बेत सोडला आणि त्र्यंबकेश्वर गाठले. तीर्थोपाध्यायांच्या वह्या गावावार आणि आडनावावार असतात, आलेला यजमान स्वतः पिढ्या सांगतो. (हरिद्वारच्या अशा वह्यांच्या तर अमेरिकेतल्या युटाच्या संस्थेने मायक्रोफिल्म केल्या आहेत.) आमचे स्वतःचे पान पटकन मिळाले, त्यात पणजोबा दत्तक पित्याच्या नावाने. खटावचे पान काढायला दुसऱ्या उपाध्यायांकडे जावे लागले. तिथे दुष्काळाच्या आधीची एक नोंद. दत्तकपत्रातल्या कैलासवासींचेच नाव, तेव्हा हयात, आणि खाली मुलगे तीन. धाकट्याचे नाव तेच, जे दत्तकपत्रात "पूर्वीचे नाव" म्हणून आहे.

मागच्या दिवाळीत त्या गावी जाऊन आलो. भीती अशी, की वतनाची, जमिनीची गोष्ट काढायला आला असे वाटेल. तसे झाले नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांनी स्वतःची वंशावळ दाखवली. तिघा भावांपैकी दोघांच्या खाली फांद्या होत्या, तिसऱ्याच्या पुढे नुसती रेघ. "हा लहानपणी गेला असं आम्ही धरून होतो," ते म्हणाले. मी पेन काढून दिले. त्यांनी ते घेतले नाही, नातीला बोलावले आणि तिच्या हाताने आमच्या चार पिढ्या लिहून घेतल्या.

आत्याला फोटो दाखवले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मूल दिलेल्या बाईचं नाव काय रे?" नाव दत्तकपत्रात आहे, ते सांगितले. मग तिने तिचे माहेर विचारले. वहीत सुनांची माहेरे लिहीत नाहीत. आता तो शोध चालू आहे.